कुडा म्हणजे कोणता कुडा?

पावसाळा सुरू झाला की आमच्या कार्यालयात दोन तऱ्हेची माणसे येतात. पहिली भाताची रोपे पिवळी पडली म्हणून तक्रार घेऊन येणारी. ती पूर्वीही येत. दुसरी तऱ्हा अलीकडची. ही माणसे खिशातून कागद काढतात, नाहीतर मोबाईल पुढे करतात, आणि म्हणतात, "साहेब, तुम्ही इतकी वर्षे ठाकरवाड्यांतून हिंडलात. त्यांचे जुलाबावरचे औषध कोणते तेवढे सांगा. मधुमेहावरचे ठाऊक असले तर तेही सांगा." एखादे नाव सांगितले की त्यांचे समाधान होते. नाव कागदावर उतरते, कागद खिशात जातो. ते झाड ओळखायचे कसे, हे शंभरात एखादाच विचारतो. म्हणून आज या विषयावर थोडे लिहावे असे मनात आले.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाला किती वजन द्यायचे ते वाचकांना ठरवता येईल. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. कृषी खात्यात लागलो त्याला तीस वर्षे होत आली, आणि त्यातली बरीचशी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात गेली. भात, नाचणी, वरी, वालाचे बियाणे, माती परीक्षण हे माझे काम. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. तेव्हा अमुक रोगाला तमुक पाला इतके तोळे, असले काही या लेखात सापडणार नाही. ते कोणी शोधू नये.

कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. माथ्यावर भीमाशंकरचे जंगल आणि खाली उतारावर, पायथ्याला ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या. कातकरी हे नावच मुळी झाडावरून पडलेले. खैराचे लाकूड शिजवून कात पाडणारे ते कातकरी. आपण तो कात पानात खातो आणि तोंड आले की तोच तोंडात धरतो. पण तो पाडणारी माणसे आज वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर असतात. असो, तो वेगळा विषय आहे.

कॉलेजात आम्हांला शेतात उगवणाऱ्या झाडपाल्याचे दोन भाग शिकवले होते, एक पीक आणि दुसरे तण. टाकळा तणात, कुर्डू तणात. ठाकराच्या ओटीवर बसल्यावर कळले की पहिल्या पावसानंतर टाकळ्याचा कोवळा पाला भाजीला येतो, तो निबर झाला की कोणी तोंडात घालीत नाही, आणि पुढे त्याचेच बी वाटून गजकर्णाला लावतात. झाड एकच, पण कोणता भाग कोणत्या दिवसांत घ्यायचा हे ठरलेले.

शेवळ्यांची गोष्ट ठाणे-रायगडकडच्या वाचक भगिनींना ठाऊक असेल. जूनच्या आरंभी ठाकरणी नेरळ-कर्जतच्या बाजारात शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात आणि जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळे देतात. नवखे गिऱ्हाईक म्हणते, ही फळे नकोत, तेवढे पैसे कमी कर. म्हातारी ऐकत नाही. नुसते शेवळे विकण्यापेक्षा ती गिऱ्हाईक परत पाठवील. कारण शेवळे हे सुरणाच्या कुळातले. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि मग जी खाज सुटते ती एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा शेवळ्याच्या वाटेला जात नाही. आंबटाने हा त्रास मोडतो. शेवळे ओळखणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे त्या म्हातारीच्या टोपलीत काकडाच्या रूपाने असते, आणि तेच नेमके आपण "नको" म्हणतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या भागातल्या एका ठाकरवाडीत एक वैदू आहेत. वय सत्तरीच्या पुढे. सगळी वाडी त्यांना बाबा म्हणते, मीही बाबाच म्हणतो. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. छापून आले तर लोक गाड्या करून जातील आणि ते त्यांना रुचणार नाही. वैदू आणि भगत यांत पुष्कळांची गल्लत होते. भगत अंगात आल्यावर कौल देतो, कोणाचे काय बाधले ते सांगतो, कोंबडे-नारळ मागतो. बाबा यातले काही करीत नाहीत. झाडपाला देतात आणि मुरगळलेला हातपाय बसवतात. पैसे मागत नाहीत. कोणी पायलीभर तांदूळ आणून ठेवले तर नको म्हणत नाहीत.

त्यांची माझी ओळख नाचणीच्या बियाण्यावरून झाली. सुधारित बियाण्याच्या पिशव्या वाटायला गेलो होतो. काम उरकल्यावर बांधावरचे एक झुडूप दाखवून मी विचारले, "बाबा, याला तुमच्यात काय म्हणतात?"

बाबा म्हणाले, "नाव काय इचारता, साहेब? नाव वाडीवाडीला बदलतं. झाड बघा, त्ये बदलत नाय."

मला गंमत वाटली. वनस्पतिशास्त्राच्या तासाला आम्ही लॅटिन नावे घोकून बेजार होत असू आणि ही नावे कशाला, असे कोणी विचारले की आमचे सर हेच उत्तर देत. गावठी नाव गावाबरोबर बदलते, म्हणून झाडाला एक न बदलणारे नाव हवे. बाबांना लॅटिन येत नाही, पण अडचण कोठे आहे ते त्यांना नेमके माहीत होते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कुडा. कोकणात आणि घाटाच्या उतारावर तो जागोजाग आहे. त्याच्या फुलांची, कोवळ्या शेंगांची भाजी करतात. त्याच्या सालीपासून कुटजारिष्ट होते, आणि ती बाटली बहुतेक घरांतल्या फळीवर एकदा तरी येऊन गेलेली असते. आव पडणे, रक्ती आव, जुने जुलाब यांवर ही साल शेकडो वर्षे वापरात आहे. तिच्यात कोनेसीन नावाचे द्रव्य असते आणि आवेच्या अमीबा नावाच्या जंतूवर ते चालते, असे आधुनिक शास्त्रालाही आढळले आहे.

पण कुडा म्हणजे कोणता कुडा? एक पांढरा कुडा, शास्त्रीय नाव होलॅऱ्हेना. दुसरा काळा कुडा, शास्त्रीय नाव राइटिया. दोन्ही एकाच कुळातले. दोघांची पाने समोरासमोर येतात. दोघांची फुले पांढरी आणि वासाची. पान तोडले तर दोघांतून पांढरा चीक येतो. दोघांच्या शेंगा लांब, बारीक, जोडीजोडीने लोंबणाऱ्या, आणि शेंग तडकली की दोघांचेही बी कापसासारखी शेंडी लावून वाऱ्यावर उडते. आवेवर जी साल सांगितली आहे ती पांढऱ्याची. काळा कुडा टाकाऊ आहे असे नव्हे. दक्षिणेत त्याच्या पाल्याचे तेल कातडीच्या विकारांवर लावतात, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची ती रंगीत लाकडी खेळणी याच झाडाच्या मऊ पांढऱ्या लाकडाची. पण पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळणे ही औषधांच्या व्यापारातली जुनी भेसळ आहे. मुळात झाडेच इतकी सारखी असताना दोष प्रत्येक वेळी लबाडीचाच असतो असेही नाही.

बाबा हे दोन कुडे कसे वेगळे करतात ते मी पुष्कळदा पाहिले आहे. पहिली खूण शेंगेची. पांढऱ्याच्या जोडीतल्या दोन्ही शेंगा देठापासून टोकापर्यंत सुट्या असतात. काळ्याच्या दोन शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, चिमट्यासारख्या. दुसरी खूण बियाची. पांढऱ्याचे बी कडूजहर, त्यालाच कडू इंद्रजव म्हणतात. काळ्याचे ते गोडे इंद्रजव. तिसरी पाल्याची. काळ्याची पाने वाळली की काळपट पडतात, आणि या पानांपासून पूर्वी निळा रंगही काढीत. साल हातात आली तर ती मोडून, हुंगून, एक कण जिभेवर ठेवून बघतात. हे शेवटचे त्यांनीच करायचे, आपण नव्हे. जिभेवर ठेवण्याआधी त्यांनी दहा गोष्टी पाहिलेल्या असतात आणि काय जिभेवर ठेवायचे नाही हेही त्यांना पक्के माहीत असते.

यात एक अडचण आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. आवेचे दिवस आषाढ-श्रावणातले. त्या वेळी झाडावर हिरवा पाला असतो, पण पक्की शेंग नसते. म्हणजे ज्या दिवसांत औषध लागते त्या दिवसांत सर्वांत खात्रीची खूण झाडावर नसते. म्हणून बाबा माघात, शेंगा पिकलेल्या असताना, रान फिरून झाडे हेरून ठेवतात. ओढ्याच्या वळणावरचे, पडक्या बांधाजवळचे, खडकाच्या वरच्या अंगाचे, अशी त्यांची झाडे ठरलेली आहेत. श्रावणात मूल आजारी पडले की ते कुड्याच्या शोधात निघत नाहीत, ठरलेल्या झाडाकडे जातात.

२०१७ च्या श्रावणात काय झाले ते सांगतो. आमच्याच मंडळातल्या एका शेतकऱ्याचा चार वर्षांचा नातू जुलाबाने आजारी पडला. घर खाऊनपिऊन बरे, ठाकरवाडीपासून फार लांब नव्हे. घरातल्या आजीला कोणीतरी सांगितले होते की ठाकर लोक कुड्याची साल उकळून देतात. आठवडा बाजारात फडक्यावर मुळ्या-साली मांडून बसणारा एक फिरता विक्रेता होता, त्याच्याकडून त्यांनी कुड्याची साल आणली आणि काढा करून दोन दिवस मुलाला पाजला. जुलाब थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई सहज डोकावल्या. मुलाचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रात्रीपासून लघवी झालेली नाही. त्यांनी कोणाला काही न विचारता गाडी बोलावली. दवाखान्यात सलाईन लावले आणि मूल वाचले. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते, असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या आजीला सांगितले.

त्या घरी पुढे भातावरच्या खोडकिड्यासाठी गेलो तेव्हा ही हकीकत समजली. उरलेली साल पुडीत तशीच होती. मी ती मागून घेतली आणि पुढच्या फेरीत बाबांपुढे ठेवली. त्यांनी एक तुकडा मोडला, नाकाशी नेला, जिभेला लावला आणि टाकून दिला.

"ही काळ्याची. हिला कडूपना कुठाय?"

मला वाटले ते त्या विक्रेत्याला नावे ठेवतील. पण त्यांनी विचारले, "पोराला पेज पाजीत होते ना?"

पेज पाजीत नव्हते. पाणी दिले की जुलाब वाढतात, या समजुतीने त्या घरात मुलाचे पाणीसुद्धा तोडले होते. हे ऐकल्यावर बाबा खरे चिडले. "झाड चुकलं त्ये चुकलं. पन पोराचं पानी कशापायी तोडलं?"

मला त्या दिवशी समजले की ज्याला आपण "ठाकरांचे जुलाबावरचे औषध" म्हणतो त्यात साल हा एक भाग आहे. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज हा दुसरा, आणि बाबांच्या लेखी तो पहिल्यापेक्षा मोठा. बाजारातून साल आली, पेज आली नाही. डॉक्टर लोकही हेच सांगतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली होती. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. घरात तयार पुडी नसली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मी सुरुवातीला म्हणालो की मापे सांगणार नाही, पण हे माप सरकारी दवाखान्यातले आहे आणि ते प्रत्येक घरी पाठ हवे. दवाखान्यात नेईपर्यंत थोडे थोडे पाजत राहायचे.

बाबांचे आणखी एक लोकांना ठाऊक नसते. काय द्यायचे नाही याचे त्यांचे नियम फार कडक आहेत. लहान मुलाला एक दिवस औषध. दुसऱ्या दिवशी उतार नसेल तर ते स्वतः गाडीची व्यवस्था बघतात. साप चावला तर ते झाडपाल्याला हातच लावीत नाहीत. "आन्टी कर्जतला हाय, माझ्याकडं नाय," असे सांगतात. त्यांचा आन्टी म्हणजे सापाच्या विषावरची लस. विंचवाचेही तसेच. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या गोळीने विंचूदंशाची माणसे वाचवली, ही गोष्ट बाबांच्या कानावर कोठून तरी आलेली आहे. डॉक्टरांचे नाव त्यांना माहीत नाही, पण विंचवाला गोळी आहे हे माहीत आहे.

साल काढण्याची त्यांची रीतही शेतकऱ्यांनी पाहण्यासारखी आहे. आदल्या संध्याकाळी जाऊन झाडाच्या बुडाशी चार तांदूळ ठेवतात आणि उद्या येतो म्हणून सांगतात. सकाळी जाऊन एका अंगाची, चार बोटे रुंद, वीतभर लांब एवढीच साल काढतात, आणि उघड्या जागेवर शेण-माती लिंपतात. त्याच झाडाकडे पुढची दोन वर्षे जात नाहीत. तांदळाचे कारण मी विचारले नाही. ते त्यांचे आणि झाडाचे. एका अंगाचीच साल का, ते मात्र मी शास्त्राने सांगू शकतो. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली मुळांकडे उतरते. खोडाभोवती पूर्ण कडे काढले की मुळे उपाशी मरतात आणि मागून झाड मरते. बाजारासाठी साल काढणारे असेच कडे काढतात, कारण त्यांना तेथे परत यायचे नसते. आमच्या भागात कडे काढून वाळलेले कुडे, अर्जुन, आपटे मी पुष्कळ पाहिले आहेत.

२०१९ च्या हिवाळ्यात आमच्या पंचायतीत जैवविविधतेची नोंदवही करण्याची धावपळ उडाली. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावात समिती आणि अशी वही असायला हवी. देशभर हे काम रेंगाळले होते, म्हणून हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. वही चांगली गोष्ट आहे. गावच्या हद्दीतून व्यापारासाठी वनस्पती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला आहे, आणि आपल्याकडे काय आहे हे लिहिलेलेच नसेल तर घेणार कशाचे? पण काम ज्यांच्याकडे दिले होते ती माणसे छापील तक्ते घेऊन एका दुपारी आली आणि चहाच्या वेळेपर्यंत त्यांना परत जायचे होते. बाबांना बोलावून आणले. वनस्पतीचे नाव, उपयोगी भाग, उपयोग, असे तीन रकाने. "कुडा, साल, जुलाब." बाबांनी विचारले, "कंचा कुडा?" लिहिणाऱ्या मुलाने मान वर केली आणि म्हणाला, "आजोबा, तसा रकाना नाही." बाबांनी आणखी आठ-दहा नावे सांगितली आणि डोकं दुखतंय म्हणून उठून गेले.

वाटेत त्यांनी मला विचारले, "ह्ये लिवून नेत्यात, पुढं करत्यात काय?"

मी त्यांना केरळातल्या काणी लोकांची हकीकत सांगितली, कारण ती मला ठाऊक असलेली सर्वांत सरळ हकीकत आहे. अगस्त्य पर्वताच्या जंगलात काणी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली शास्त्रज्ञांची एक तुकडी तेथे गेली. चढणीवर शास्त्रज्ञ दमले, पण वाटाडे काणी तरुण एक फळ चघळीत ताजेतवाने चालत होते. पुष्कळ आढेवेढे घेऊन त्यांनी ते झाड दाखवले. त्याचे नाव आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती संशोधन संस्थेने त्याच्या पाल्यापासून 'जीवनी' नावाचे शक्तिवर्धक औषध तयार केले आणि १९९५ साली ते बनवण्याचा परवाना दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के अशा बोलीने एका औषध कंपनीला दिला. आलेल्या पैशातला निम्मा काणींना द्यायचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९९९ मध्ये पहिली रक्कम त्यात जमा झाली. जगभर या गोष्टीची वाहवा झाली. पुढे मात्र पाला मिळेना. झाड राखीव जंगलातले, आणि तेथून ते गोळा करायला वनखात्याने हरकत घेतली.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. निम्मे पैसे मिळाले याचे त्यांना नवल वाटले नाही. त्यांना नवल वाटले ते वेगळेच. "पोरं फळ खात व्हती ना? मग औशिद पाल्याचं कसं?" मला याचे उत्तर देता आले ते एवढेच की प्रयोगशाळेत पाल्याची परीक्षा झाली होती. ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर दोनच महिन्यांत करोनाची साथ आली आणि गुळवेलीला असे दिवस आले की विचारू नका. ज्याला त्याला गुळवेल हवी होती. त्यातून चांगलेही झाले. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. पण गावोगाव लोकांनी दिसेल ती वेल तोडून काढे सुरू केले, तेही महिनोन्‌महिने रोज. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी काढा घेऊन यकृत बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. त्यावर बराच वाद झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितले की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच कुळातल्या दुसऱ्या वेली घातक ठरू शकतात, म्हणून वैद्याला दाखवल्याशिवाय घेऊ नये. वाद कोणाचा खरा ते मी ठरवणारा कोण? पण वर्तमानपत्रात ते वाचताना मला काळा-पांढरा कुडाच दिसत होता. बाबा गुळवेल ओळखताना पान हृदयाच्या आकाराचे आहे एवढ्यावर थांबत नाहीत. कागदासारखी पातळ साल नखाने सोलून आतला हिरवा रंग बघतात, वेल आडवी कापून आतली गाडीच्या चाकासारखी नक्षी बघतात, पानाला लव आहे का ते बोटाने बघतात. लव असलेली वेल ते घेत नाहीत. खोडावर गाठीच गाठी असलेलीही नाही.

गुळवेल ज्यांना हवीच असेल त्यांनी, खात्रीच्या वेलीचे बोटभर जाडीचे वीतभर तुकडे आणून पहिल्या पावसात आपल्याच बांधावरच्या कडुनिंबाखाली लावावेत. दोन डोळे मातीत आणि दोन वर. याला खत नको, औषध नको. तोडताना बुडापासून हातभर वेल राखावी, म्हणजे ती पुन्हा फुटते. एवढे मी माझ्या अधिकारात सांगू शकतो. घ्यायची की नाही, किती आणि किती दिवस, ते वैद्याने सांगायचे.

पंचायतीची ती छापील वही कपाटात आहे. २०२३ साली वाडीवरच्या शाळेतल्या गुरुजींनी आणि मी मिळून दोनशे पानांची एक साधी वही घातली. तिच्यात झाडाला एक एक पान दिले आहे. झाड कोणते, त्याच्यासारखे दिसणारे खोटे झाड कोणते, खूण कोणत्या महिन्यात दिसते, कोणता भाग, झाड जगवून तो कसा काढायचा, आणि कोणाला द्यायचा नाही. गुरुजी लिहितात, बाबा सांगतात, पाने मी दाबून वाळवून चिकटवतो. वही वाडीतच राहते. कळलावीचे पान मात्र बाबांनी लिहू दिले नाही. तिचे ते लालपिवळे ज्वाळेसारखे फूल सर्वांनी पाहिले असेल. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जालीम द्रव्य असते, कंद खाऊन माणसे दगावतात. "ह्ये लिवून शिकायचं न्हाई," एवढेच ते म्हणाले. गुरुजींनी ते पान कोरे ठेवले आहे.

बाबांचा मुलगा नेरळला गाडी चालवतो. त्याला यात रस नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. धाकटी नात मात्र आठवीत आहे आणि वहीतल्या पानांवर नावे तीच घालते, अक्षर चांगले आहे म्हणून. यंदाच्या माघात बाबा झाडे हेरायला निघाले तेव्हा ती बरोबर होती, मीही होतो. बाबांचे गुडघे आता चढण मानत नाहीत. त्यामुळे ते खाली दगडावर बसले आणि तिला वर पाठवले. तिने तीन झाडांच्या शेंगा आणून त्यांच्या पुढ्यात टाकल्या. त्यांनी हात लावला नाही. "तूच सांग," म्हणाले. तिने शेंगांची टोके बघितली, दोन जोड्या एकीकडे ठेवल्या, एक दुसरीकडे. मग ठेवलेल्यातली एक फोडली, बी जिभेला लावले आणि तोंड वेडेवाकडे करून थुंकली. बाबा हसले आणि ती दोन झाडे कोठे आहेत ते पुन्हा जाऊन बघून यायला त्यांनी तिला सांगितले.